घोंगडी पांघरून विलायतेला गेलेले आंबे

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मुक्काम बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर
श्रावण वद्य पंचमी, सन १९०८

माझा शाळासोबती इब्राहिम, सध्या वस्ती लंडनची गोदी, यास बोरीच्या ज्योतिबाचा सलाम आणि रामराम, दोन्ही. (एकही पाठवणार नव्हतो. पण राग माझा आहे आणि रीत वाडवडिलांची आहे.) इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. जुन्नरला जाऊन तुझ्या अम्मीला, जन्नतबींना, भेटून आलो. गुडघे धरलेत, पण जीभ ठणठणीत आहे. तू अजून लग्न का केलं नाहीस याचा जाब त्यांनी मलाच विचारला. तुझी तब्येत कशी आहे ते कळव. बर्फाच्या कोठारात दिवसभर माल उतरवून छाती धरते, असं तू मागे लिहिलं होतंस. त्या गारठ्याचा डोक्यावरही परिणाम होतो, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

कारण या सगळ्याचं मूळ तुझं माघातलं पत्र. ऑस्ट्रेलियाहून आगबोट आली, तिच्या पोटात हजारो सोललेली मेंढरं टांगलेली, दगडासारखी गोठलेली, आणि सहा आठवडे समुद्रावर राहूनही कशाला वास म्हणून नाही, असं तू लिहिलंस. ते पत्र मी देवळापुढे मोठ्याने वाचलं, ही माझी पहिली चूक. आम्ही धनगर. आता शेती करतो म्हणून काय झालं, जिवंत मेंढरं कोकणात चारून परत आणताना वाटेत दोनचार तरी दगावतात हे आजोबांपासून ऐकत आलो, आणि इथे मेलेली मेंढरं बिनबोभाट निम्मी पृथ्वी ओलांडतात. म्हाताऱ्यांनी तुला एकमताने थापाड्या ठरवलं. माझ्या आईने तेवढं विचारलं, "मेंढरू जातंय, मंग आंबा का जायाचा न्हाई?"

आंबा कुठला ते तुला सांगायला नको. विहिरीवरचा. आईने सासरी आल्या वर्षी लावलेला. ज्याच्यावरून नवव्या वर्षी पडून तू हात मोडून घेतलास, आणि हात बरा झाल्यावर ज्याच्या बुंध्यावर खिळ्याने आपल्या दोघांची नावं कोरलीस. (तुझं वर, माझं खाली. तेव्हापासूनची तुझी खोड.) माझा थोरला भाऊ बहिरूदादा गेली तीन वर्षं त्या झाडाच्या मुळावर उठला आहे. त्याचंही चुकत नाही. सावलीखाली अर्धा बिघा बाजरी पोसत नाही आणि गावठी आंब्याला मंचरच्या बाजारात कुणी विचारत नाही. त्याने एकदाच सांगितलं, "औंदा तुजा आंबा विलायतेला लागू पडला तर झाड ऱ्हाईल. न्हाईतर दसरा झाला की लाकूड." दुसऱ्या दिवसापासून आई रोज झाडाखाली जाऊन वर बघत बसू लागली.

तुझ्या सूचना मी पाठ केल्या होत्या. फळ पाडाला आलेलं पण टणक हवं, देठासकट उतरवलेलं, पेटीच्या दोन फळ्यांत बोटभर फट, गवत घालायचं नाही. मंचरच्या गेणभाऊ सुताराने त्याच झाडाची एक खालची फांदी उतरवून तिच्या सहा पेट्या केल्या. (बहिरूदादा म्हणाला, मालानेच मालाची पेटी द्यावी. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.) वैशाखाचं ऊन लागू नये म्हणून आईने घरातल्या चार घोंगड्या पेट्यांवर टाकल्या. गाडी नारायणगाव, मंचर, खेड करत तळेगावच्या ठेसनावर पोचली, तिथून आगगाडीने मुंबई. तीन दिवसांत मी आंब्यांना एकदाही उन्हात सोडलं नाही. स्वतः मात्र करपून कोळसा झालो.

आता पुढचं लिहिताना हात अडतो, पण लिहितो. मुंबईच्या गोदीत तुझ्या ओळखीच्या सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, मला बोटीवरची गार खोली दाखवली. हातभर जाडीचं दार, भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखा बर्फ, आणि शेजारच्या खोलीत साहेबलोकांच्या जेवणासाठी टांगलेले चार बकरे, ज्यांच्याकडे बघून मला माझीच हाडं वाजायला लागलेली ऐकू आली. घटकाभरात बाहेर आलो तर मिशा ताठ. आणि या खोलीत आमच्या आईचे आंबे पंचवीस दिवस उघड्या अंगाने बसणार. इब्राहिम, तू बागवानाचा पोरगा आहेस, तुला नाही कळायचं. कोकरू गारठलं की त्याला घोंगडीत घ्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. सारंग जेवायला गेला तेवढ्यात मी सहाही पेट्या एकीवर एक रचल्या, चारी घोंगड्यांत गुंडाळल्या, दाभणाने सुतळी घालून घट्ट शिवल्या, आणि फटीतून वारा जाऊ नये म्हणून उरलेल्या जागी माझं मुंडासं फाडून कोंबलं. गाठोडं आत गेलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

फट ठेव असं तू लिहिलंस. फट कशासाठी ते लिहिलं नाहीस. हा दोष तुझा आहे आणि मरेपर्यंत तुझाच राहील. (पिकायला घातलेल्या आढीत हात घातला की आंब्याची ऊब लागते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, आणि मी तर आढीवरच वाढलो. ती ऊब मी चार घोंगड्यांत कोंडली. बाहेर बर्फ आणि आत वैशाख. पण हे कंसात लिहिलं आहे, ते धरू नये.)

तुझं उत्तर नेमकं नागपंचमीला आलं. त्या दिवशी चिरायचं कापायचं नसतं, म्हणून मी मोठ्याने वाचत होतो तरी बहिरूदादाने कुऱ्हाडीला हात लावला नाही. आंब्यांचा रबरबाट झाला, गोदीतल्या लोकांनी नाकं धरली, आणि व्यापारी साहेब तुला नको ते बोलला, इथवर मी काळजावर दगड ठेवून वाचलं. पण पुढे तू, शहाण्या, साहेबाचा निरोपही तसाच्या तसा लिहून धाडलास. पेट्या फार मजबूत, ओलीला आणि थंडीला एक फळी तडकली नाही, मुंबईच्या आडत्यासाठी तसल्याच साठ पेट्या हव्यात. हे वाचून झाल्यावर मला कळलं की मी काय वाचलं. बहिरूदादाने फक्त विचारलं, "एका झाडात साठ बसत्याल का रं?" म्हणजे पुढच्या वर्षी कुणा कोकणातल्याचा आंबा आमच्या झाडात बसून लंडन बघणार. अरे, एवढा निरोप तुला गिळता आला नाही? तुझ्यावर राग आहे, आणि तुझ्याहून जास्त माझ्यावर आहे. तो कुठे ठेवू ते कळत नाही, म्हणून हे पत्र.

तुझा,
ज्योतिबा

ता. क. चारी घोंगड्या धुऊन परत पाठव. कसलाही वास येत असला तरी चालेल. आईने स्वतः सूत कातून केलेल्या आहेत, आणि या झडीत ती गोणपाट पांघरून निजते. कुणी विचारलं तर उकडतं म्हणते.

दुसरा ता. क. वरचा मजकूर तोंडी लावायला होता. खरं काम हे. तू उलट टपाली बहिरूदादाच्या नावे एक पत्र लिही की तळाच्या पेटीत दहा आंबे धड निघाले, साहेबाने चाखले, आणि पुढच्या वर्षी याच झाडाचे आंबे मागतो. पेट्यांचं काय ते साहेब विसरला म्हण. टपालाला अठरा दिवस जायला, अठरा यायला. नवरात्राच्या आत तुझं पत्र आलं तर झाड एक वर्ष वाचेल. तू जन्मभर थापा मारल्यास, एक माझ्यासाठी मार.

तिसरा ता. क. पत्र पाठवायचं राहिलं होतं. दोन दिवस पाऊस उघडला म्हणून गेणभाऊ दसऱ्याची वाट न बघता काल सकाळीच आला. दुसऱ्या ता. क. मधलं काही लिहू नकोस. झाड दुपारपर्यंत उभं होतं. आई ओट्यावर बसून आवाज ऐकत होती. संध्याकाळी तिने पेट्या कुठे जाणार ते विचारलं. मी म्हटलं, फिरत फिरत इब्राहिमच्या गोदीत. ती म्हणाली, "तितं लई गारठा आसंल. त्येला लिव, पेट्या मोकळ्या झाल्या की जाळ म्हनावं, शेक घे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या नावाची फळी तेवढी नगं." ती फळी कुठल्या पेटीत बसेल ते गेणभाऊलाही सांगता येत नाही. साठही उलटून बघ. घोंगड्यांतली एक तू ठेव.