एका वायरीतून दोन नेटवर्क

अमडापूर, मंगळवार संध्याकाळ

जमलं बुवा! कापसाच्या जिनिंग मिलमधल्या वजनकाट्याचं आणि हिशोबाचं, दोन वेगळी नेटवर्कं एकाच वायरीतून चालली. आनंद पोटात मावत नाही.

दुपारी काट्यावरचं वजन ऑफिसातल्या प्रिंटरवर येईना. बोंडअळीतून वाचलेला नामदेवचा कापूस गाडीत उघडा, वर आभाळ भरलेलं, नि वजनाच्या पावतीशिवाय गाडी आत घेत नाहीत. काट्याजवळचा नि ऑफिसातला, नेटवर्कचे दोन्ही स्विच तर मी नीट लावलेले, मग अडलं कुठं? ती मधली वायर! दोन स्विच जोडणारी. काट्याचं नेटवर्क तिच्यातून जाऊ द्यायचंच विसरलो होतो. तेवढं केलं नि पावती निघाली.

नामदेव, माझा जुना दोस्त, विचारतो, "काय बिघडलं होतं बे?"

"दोन्ही वावरात पाट खणले, मधला बांध फोडलाच नाही."

"मंग पानी जाईन कसं? अन् तुले लोकं इंजिनेर म्हणतेत!"

त्यानं हसत गाडी आत नेली. कापूस कोरडा राहिला.