डाकबंगल्यात म्हटलेला ढावलो

याडी, शिसारी येते मला स्वतःची. एवढी वर्षं झाली, तू जाऊनही जमाना लोटला, तरी ती दुपार आठवली की घास तोंडात फिरतो. महाराष्ट्र झाल्यावर दोनेक वर्षांनी आर्णीच्या डाकबंगल्यात तो गोरा साहेब येऊन राहिला होता ना, आपली बंजाऱ्यांची गोर बोली शिकायचं खूळ घेऊन? तांड्यात मॅट्रिक झालेला मी एकटा, म्हणून शिकवणी माझ्याकडे आली. ज्या बोलीवरून शाळेत मास्तरांनी माझे कान पिळले, तिचेच कोणी पैसे देतो म्हटल्यावर मी असा हुरळलो की विचारू नकोस. रोज सायकल मारत जायचो. पाणी, भाकर, बैल, मामा, मावशी, आई म्हणजे याडी. साहेब वहीत लिहायचा आणि मी त्याच्यासमोर खुर्चीत बसायचो. पैशापेक्षा त्या खुर्चीचंच अप्रूप जास्त होतं मेलं.

शब्द सरत आले तशी त्याला गाणी हवी झाली. होळीची झाली, तीजेची झाली. मग कोणीतरी त्याला ढावलोबद्दल सांगितलं. कोणीतरी कशाला, मीच सांगितलं, शिकवणी आणखी दोन महिने लांबेल म्हणून. लेक सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडणं गाते तो ढावलो, आणि आजूबाजूच्या तांड्यांतल्या पोरींना तो माझी आईच शिकवते, हेही ऐटीत ऐकवलं. तुला घेऊन येतो असं कबूल करून बसलो, तुला न विचारता.

तू चुलीपाशी होतीस. थापलेली भाकर तशीच हातात राहिली. "काहून रे? घरात लगीन नाही, लेक निघून नाही राह्यली, अन् मी रडू कायले?" मी म्हटलं, "रडू नको ना, नुसतं म्हण. साहेब चांगला हाये." तू म्हणालीस, "नुसतं म्हणता येते काय ते? बिनलग्नाचा ढावलो म्हटला तं घरावर रडू येते." मग मी फुगून बसलो. दोन दिवस जेवलो नाही. पोर उपाशी म्हटल्यावर तू कुठली टिकतेस!

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात तू फेटियाचा, घागऱ्याचा घेर सावरून जमिनीवर बसलीस. मी खुर्चीत. साहेबानं टेपचं यंत्र सुरू केलं, तू डोळे मिटलेस आणि दुसऱ्याच ओळीला तुझा आवाज फाटला. साहेबानं हात वर केला, "धीरे. फिर से." सहा वेळा थांबवलं त्यानं तुला, आणि सहाही वेळा मी तुझ्यावर खेकसलो, "याडी, पुन्हा! जरा हळू म्हण." तुझं नाक गळत होतं, ओढणीनं पुसायचीही उसंत आम्ही दिली नाही. त्या माणसाला दोष देत नाही मी. त्यानं मला विचारलं होतं, या खरंच रडताहेत का, बंद करू का? मी हसलो. म्हणालो, नाही साहेब, गाणंच असं असतं. थू! जीभ झडायला हवी होती माझी.

पुढल्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं. निघताना ती तुझ्या गळ्यात पडली, तिनं ढावलो धरला आणि तू साथ द्यायचीस तिथं येऊन थांबली. तू पुढली ओळ उचललीच नाहीस. "याडी, म्हण ना," ती हुंदके देत म्हणाली. कोरड्या डोळ्यांनी तू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. बाया कुजबुजायला लागल्या. "माह्यापाशी नाही आता," एवढंच बोललीस. शिकवणीच्या पैशातला टेरिलीनचा नवा सदरा घालून मी पाहुण्यांना पान-सुपारी देत मिरवत होतो. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. बहीण तशीच गेली, अर्धंमुर्धं रडून.

मुकुटबनकडे असते ती, आता म्हातारी झाली. अजून विचारते, "भाऊ, याडी माह्यावर कायले नाराज होती रे? माह्यासाठी डोळ्यात टिपूसबी नव्हतं तिच्या." मी दर वेळी म्हणतो, तिची तब्येत बरी नव्हती त्या दिवशी. आणि वर तिच्या हातचा चहा पितो. हे कागद खरं तर तिला जायला हवेत. तिला वाचता येतं, म्हणून तुला लिहिले.