ग्रोथ म्हणजे काय, ते तुला सांगितलं नाही

प्रिय आई,

नागपूरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये बाकावर बसून तुला लिहून राहिलो. तुझी नात पल्लवी आत गेली आहे. आठवा महिना लागलाय तिला. जावई सौंसरहून निघालेत, पण ते येईपर्यंत मी एकटाच आहे. नुसतं बसवेना, म्हणून कागद काढला. तुला जाऊन तीन वर्षं झाली. मग आजच का लिहावंसं वाटलं? समोरच्या चिठ्ठीवर तोच शब्द आहे. ग्रोथ स्कॅन.

हा शब्द आपल्या घरात मीच आणला ना? पांढुर्ण्याच्या कृषी केंद्रात कामाला लागलो तेव्हापासून दिवसभर तोच तोंडात. संत्र्याला ग्रोथ नाही, कपाशीची ग्रोथ थांबली, ग्रोथचं औषध द्या. येणारा शेतकरीही तसंच बोलतो, 'वाढ' कोणाला आठवतच नाही. तिगावच्या बगिच्यात नव्या कलमांना पालवी फुटली, तेव्हा तू शेजारणीला कौतुकानं सांगत होतीस की विलासनं झाडाईले ग्रोथ आणली. पल्लवीचा फ्रॉक आखूड झाला तरी म्हणायचीस, पोरीची ग्रोथ चांगली हाय. तुझ्यासाठी त्या शब्दात वाईट असं काही नव्हतंच.

म्हणून तर त्या दिवशी तसं झालं. पोट दुखतं म्हणून तुला इथंच नागपूरला दाखवायला आणलं होतं. डॉक्टर रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाले, आतड्यात ग्रोथ दिसते. मला कळलं, ते कॅन्सरच्या गाठीबद्दल बोलत होते. तुझा चेहरा मात्र खुलला. बाहेर आल्याबरोबर तू विचारलंस, "ग्रोथ हाय म्हणते, म्हणजे आता बरं होऊन राहिलं ना?"

मी 'हाव' म्हणालो.

का म्हणालो? कितीदा स्वतःला विचारलं. दोन महिने तू नीट जेवली नव्हतीस. त्या संध्याकाळी घरी येऊन तू अख्खी भाकर खाल्लीस, वरून ठेचा मागितलास. म्हटलं आज राहू दे, उद्या सांगू. मग उद्याही राहून गेलं. सलाईन लागलं तर ते ताकदीचं, केस गळाले तर ते औषध गरम पडलं म्हणून, असं सांगायचो. सुनंदानं मला दोनदा सांगितलं, आईंना सांगून टाका. मी बायकोवरच ओरडलो.

आणि मोहगावची मावशी! आजीच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून तुम्हा दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं, ते किती वर्षं? आजारात तुला तिची फार आठवण यायची. मी म्हणायचो, चल, गाडीवर नेतो. तू म्हणायचीस, बरी झाली की जातो. आजारी तोंड घेऊन गेली तर तिले वाटन, दया मांगाले आली. मोहगाव काही परदेशात नव्हतं. तू बरी होणार नाहीस हे तुला माहीत असतं, तर तू थांबली असतीस का गं?

तुला शेवटी कळलं ते परक्या बाईकडून. दवाखान्यात बाजूच्या पलंगावरच्या बाईनं विचारलं, तुमची गाठ कुठं हाय? तू म्हणालीस, मले गाठ नाही, ग्रोथ हाय. त्या बिचारीनं हळूच सांगितलं की दोन्ही एकच असतं. मी नारळपाणी घेऊन आलो तेव्हा तू भिंतीकडे पाहत होतीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

"माह्या पोटातली गोष्ट, अन् मलेच नाही सांगतली?" एवढंच म्हणालीस.

मी काय केलं? ग्लास स्टुलावर ठेवला आणि पाणी आणायला जातो म्हणून बाहेर निघून गेलो.

त्यानंतर तुला गाडीत बसवण्यासारखं राहिलंच नाही. मी फोन केला, मावशी त्याच दिवशी आली. पण तोपर्यंत तू माणसं ओळखत नव्हतीस. ती दिवसभर तुझे पाय चोळत बसली. निघताना तिनं मला विचारलं, केव्हापासून माहीत होतं? मी खरं सांगितलं, चार महिन्यांपासून. ती पदर सावरून बस स्टँडकडे चालायला लागली. अजून तिच्यासमोर मान वर करून उभं राहता येत नाही.

एवढं सगळं होऊनही मी शहाणा झालो का? ऐक. पंधरा दिवसांपूर्वी पांढुर्ण्यात पल्लवीचा रिपोर्ट आणायला मी दवाखान्यात गेलो, ती गाडीत बसली होती. सिस्टर म्हणाली, बाळाची ग्रोथ मागे पडून राहिली, पंधरा दिवसांनी नागपूरला दाखवा. गाडीत बसलो. पल्लवीनं विचारलं, बाबा, काय म्हणाले? आणि मी म्हणालो, सगळं ठीक आहे!

रेल्वे फाटकापर्यंत कसाबसा आलो. गाडी बाजूला लावली, कागद तिच्या हातात दिला आणि सांगितलं की मी खोटं बोललो. ती रडली. मग तिनं विचारलं, माझं खाण्यापिण्यात काही चुकलं का? मी न सांगता राहिलो असतो, तर हा प्रश्न तिनं कोणाला विचारला असता? आम्ही परत फिरलो, सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, तुझी काही चूक नाही, आराम कर, बाळाच्या हालचाली मोज. तेव्हापासून रोज जेवणानंतर पल्लवी पोटावर हात ठेवून मोजते. ती होकाराची मान हलवेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आत्ता आतून बोलावलं, म्हणून पत्र अर्धवट टाकून गेलो होतो. बाळाचं वजन अजूनही कमीच आहे. ठोके चांगले आहेत. आजच भरती व्हायला सांगितलं, कदाचित बाळ लवकर काढावं लागेल. पल्लवीनं सरळ विचारलं, वाचेल ना? डॉक्टरीण बाई म्हणाल्या, खात्री देता येत नाही, पण तुम्ही वेळेवर आलात, आशा चांगली आहे.

बाहेर आल्यावर पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुमाले भेव लागून राहिलं का?"

"हाव," मी म्हणालो. "लय."

"मलेही," ती म्हणाली. मग तिनं डब्यातली पोळी मागितली. सकाळपासून आम्ही दोघांनी काही खाल्लं नव्हतं.

आई, माफी मागायची वेळ मी घालवली. एक शब्द मात्र देतो. ज्याच्या शरीराचा कागद, तो आधी त्याच्याच हातात जाईल. मला अर्थ कळला नाही तर त्याच्यासमोर विचारीन. आपल्या बोलीत, सगळ्यांना कळेल असं. पल्लवी आता भरतीचा फॉर्म वाचून राहिली. वेळ लागला तरी लागू दे. सही तीच करणार आहे, मी तिची पिशवी धरून मागे उभा राहीन.

तुझा,
विलास