दीड वर्ष लवकर

आई, दुपारी जेवून पडलो की हल्ली मले तुझ्या दवाखान्याचा वास येतो. फिनाइलचा, अन् उन्हात वाळलेल्या चादरींचा. मी डोळे उघडत नाही. उघडले की तू जाते, हे आता मले कळून चुकलं आहे. शंकर नगरच्या या घरात दुपारभर मी एकटाच असतो, सूनबाई तुझी शाळेत शिकवाले जाते. विमान उडवणं सुटलं, केस पिकले, चष्मा लागला. मानाच्या विमानतळावर उतरणारं विमान खिडकीवरून गेलं की हात आपोआप मांडीवरून उचलल्या जातो, मंग मीच हसतो अन् कूस बदलतो.

अन् तेव्हा आपल्या तात्यापारा वस्तीतल्या शाळेचा व्हरांडा येतो. मी साडेचार वर्षांचा आहे अन् तू मागून माझे दोन्ही खांदे धरून उभी आहे. जन्माचा दाखला तेव्हा कोण मागत होतं? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला, की पोट्टा सहा वर्षांचा झाला, घ्या त्याले पहिलीत. बाबा गेले होते. त्यांच्या जागेवर तुले रेल्वेच्या दवाखान्यात आयाची नोकरी लागली होती, अन् दिवसभर मले पाहाले कोणी नव्हतं. म्हणून मले सहाचं होणं भाग होतं. आठवडाभर तू अंघोळ घालताना माझी बोटं ओढून पाहत होती, जशी काही ती ओढल्यानं वाढणार होती. शेवटी व्हरांड्यात तू हळूच सांगितलं, मान थोडी वाकव. मी वाकवली. बोटाचं टोक कानाले लागलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं, अन् जूनमधली एक तारीख लिहून टाकली. आमच्या वर्गातले अर्धे पोट्टे जूनमध्येच जन्मले होते, त्यामुळे मले त्याचं काही वाटलं नाही.

भोपाळपासून तुटून आपलं नवं राज्य झालं तेव्हा मी बी.एस्सी. करून सरकारी कारकून झालो होतो. आपल्या शहरात राजधानी तर आली, पण बसाले जागा कुठं होती? मोठ्या सरकारी दवाखान्याची जुनी इमारत रिकामी केली अन् तिथं मंत्रालय भरवलं. आमचा विभाग कोणत्या मजल्यावर ते मी तुले सांगितलं, तर तू पोळी लाटता लाटता म्हणाली, बाळंतिणीच्या वॉर्डात बसतो काय रे, मंग कळा आल्याशिवाय फाइल निघणार नाही. सगळंच नवं होतं, कोणाचं काम कोणतं ते ठरायचं होतं. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार असलं की मैदानावर टँकरनं पाणी मारून घ्यायचं अन् मधोमध चुन्यानं गोल आखून त्यात मोठा एच काढायचा, हे काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. पहिल्यांदा ते डोक्यावर आलं अन् माझा सगळा चुना उडून माझ्याच अंगावर आला. बाकीचे पळाले. मी तिथंच उभा, पांढराफटक, तोंड वर करून. लहानपणी छपरावर कुरड्या राखताना विमान गेलं की मी असाच उभा राहायचो अन् तू म्हणायची, कावळे पाहा आधी.

मंत्री भाषणाले गेले की पायलट लिंबाखाली बसायचा. वायुसेनेतून निवृत्त झालेला माणूस, कमी बोलायचा. त्याले पाणी देता देता एक दिवस मी मनातलं बोलून गेलो, मलेही उडवायचं आहे. तो हसला नाही. वय विचारलं. मी कागदावरचं सांगितलं. मंग तो म्हणाला, भैया, वायुसेनेसाठी तुमच्याजवळ हेच वर्ष आहे, पुढच्या वर्षी कोणी अर्जही घेणार नाही. अन् उडवता येईल की नाही ते पाहणारी चाचणी जन्मात एकदाच देता येते. त्यात नापास झाले, तर संपलं.

संध्याकाळी मी तुले हे सांगितलं, तेव्हा तव्यावरची पोळी काळी झाली तरी तू उलटवली नाही. खरं वय धरलं असतं तर मले दीड वर्ष अजून होतं, तयारी करता आली असती. हे तू मनातल्या मनात जोडलं. मी तर बोललोही नव्हतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तू शाळेत गेली अन् नव्या हेडमास्तरीणबाईंले सांगितलं, माझं पोरगं मी मोठं करून घातलं होतं, मी खोटं बोलली, आता ते खरं करून द्या. त्या बिचाऱ्या काय करणार? जुने कागद भोपाळले राहिलेले, नव्या राज्याची मोहर अजून यायची. अन् तारीख हलली की माझी नोकरीही हलेल, हेही त्यांनी सांगितलं. तू भोपाळले जायाले पिशवी भरून बसली. मी पिशवी रिकामी केली. राहू दे, मी म्हटलं, तसंही माझं वय गेलं आहे, तिथं सगळे एकोणीस-वीस वर्षांचे पोट्टे येतील, मी त्यांच्यात काका दिसीन.

तू चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली,

"लहान होता तेव्हा मोठ्यांत बसला, तेव्हा नाही लाजला. आता मोठा होऊन लहानांत बसाले काहून लाजून राहिला?"

अन् चुलीतलं लाकूड आत सरकवून म्हणाली, "दीड वर्ष मी घेतलं तुझं. उरलेलं तू नको वाया घालवू."

मंग त्या पूर्ण उन्हाळ्यात मी बूढा तालाबभोवती धावतो आहे, अन् तू ड्यूटीले जाताना पायरीवर टेकून पाहते आहे. पाणी हिरवं, ऊन कोवळं, तुझ्या मांडीवर डबा. मी जवळून गेलो की तू एवढंच म्हणते, हव, चल.

मी निवडल्या गेलो. तुकडीतले पोट्टे मले खरंच काका म्हणत, अन् पुढं पुढं रात्री घरची आठवण आली की माझ्याच खाटेवर येऊन बसत. पण मले एकट्यानं विमान न्यायची पाळी आली त्याच्या थोडंसंच आधी तू गेली. तेरावं करून परत आलो, डोक्यावर केस अजून खुंटाएवढे होते, अन् त्याच आठवड्यात उडवणं शिकवणारे गुरुजी शेजारच्या सीटवरून उतरले, वरची काच ओढली, म्हणाले जा.

तेव्हापासून लोक विचारतात, पहिल्यांदा एकटे वर गेले तेव्हा कोण आठवलं? कालच शेजारची पोट्टी विचारून गेली, तिले पण वायुसेनेत जायचं आहे. मी म्हटलं, आई आठवली. तिचे डोळे भरून आले. सगळ्यांचेच येतात.

कोणी आठवलं नाही, आई. तू पण नाही. खाली शेतं होती, एक तळं चमकत होतं, शेजारची सीट रिकामी होती, अन् मी मोठ्यानं गात होतो. तेरावं होऊन आठवडा झाला नव्हता अन् मी गात होतो. इतका सुखी मी त्याआधी कधीच नव्हतो. चाकं जमिनीले लागली तेव्हा तू आठवली, अन् मंग मले विमानातून उतरवेना.

लोकांले मी अजूनही तुझंच नाव सांगतो.