उशाशी लावलेला दिवा

रत्नागिरी, माघ वद्य पंचमी, १९५४. तिन्हीसांज.

सकाळी आई गेली. तिला माजघरात जमिनीवर ठेवली आणि उशाशी दिवा लावला. तो दिवा हलवायचा नसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी हलवला. का? खालून येणाऱ्या उजेडाने तिच्या नाकाची सावली गालावर चढली होती. वीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभा राहून खलनायकांना मी असाच खालून उजेड दिलाय. आई तशी दिसलेली बघवेना. दिवा वीतभर बाजूला घेतला आणि तो विझला.

थोरल्या आक्काने तो परत लावला. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबू, काय करतोस रे हे? मुंबईचं शूटिंग आहे काय इथे?" रडणाऱ्या बायकासुद्धा वळून माझ्याकडे बघू लागल्या.

आईने माझा एकच सिनेमा पाहिला, इथे तंबूत लागला होता तेव्हा. घरी येऊन म्हणाली होती, "शेवटपर्यंत बसले हो, पण तू काही दिसला नाहीस." मी हसलो होतो.

धाकटी कुसुम देवरूखहून पोचली तोवर आम्ही स्मशानातून परतलो होतो. तिने मलाच विचारलं, कारण आईजवळ शेवटपर्यंत मी बसलो होतो. "दादा, चेहरा कसा होता रे तिचा? शांत होता ना?"

मी आठवू लागलो. सावली आठवली, नाकाची, डाव्या गालावरची. किती लांब होती तेही सांगता आलं असतं.

"शांत होता," म्हटलं. मी तो पाहिलाच नव्हता.