तुलनेची बाटली

४ मार्च, मंगळवार

नऊ पूर्णांक एक. हाडांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पेनाला टोपण लावलं. हिमोग्लोबिन अकरा झाल्याशिवाय गुडघ्याला हात लावणार नाही म्हणाले. मेअखेर अकरा झालं तर जूनमध्ये ऑपरेशन, नाहीतर त्यांच्याकडे पुढची तारीख थेट वर्षाच्या शेवटी.

तारीख वर्षाच्या शेवटी गेली तर तोवर मला रोज दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत चढणं जमणार नाही, हे आमच्या साहेबांनाही कळतं. खाली नोंदणीच्या टेबलावर बसा, असं दोनदा सुचवून झालं आहे त्यांचं. आलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. तेहतीस वर्षं पाणी तपासलेल्या बाईनं!

रोज लोकांच्या पाण्यातलं लोह मोजते. स्वतःच्या रक्तातलं कधी मोजलं नाही.

५ मार्च

नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे. पोटाच्या तपासण्या गेल्याच महिन्यात झाल्या आहेत, कुठून रक्त जात नाही. त्यांनी लोहाची गोळी दिली. मग विचारलं, जेवणानंतर काय घेता? चहा. किती वेळानं? लगेच. किती वर्षं?

मी बोटांवर मोजायला लागले, मग सोडून दिलं.

"तुम्ही चांगलं खाता हो, पण ते अंगाला लागू देत नाही. शिकलेल्या बाईला मी काय सांगायचं," म्हणाल्या. चहातली द्रव्यं लोहाला धरून बसतात, हे मी बी.एस्सी.च्या पेपरात लिहिलं आहे. मार्कही मिळाले होते.

आता जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नाही. डाळ, हरभरे, पालेभाजी ह्यांवर लिंबू पिळायचं — वरून, शिजवताना नाही. नाहीतर सोबत पेरू किंवा संत्रं. दूध आणि हाडांची कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळी. ती गोळी मी आजवर जेवणाच्या शेवटच्या घासाबरोबर घेत होते. जमेल तेव्हा मासे, मटण. सगळं सोपं आहे. शिस्त हवी, ती माझ्याकडे आहे.

९ मार्च, रविवार

छकुलीला समजावलं. ती मशीनवर कुणाच्या तरी परकराची पट्टी घालत बसली होती. शेहेचाळीस वर्षांची झाली तरी छकुलीच. मी लग्न होऊन आले तेव्हा ही सात वर्षांची नणंद दारात उभी राहून विचारत होती, वहिनी तुम्हाला वेणी घालता येते का? हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

"म्हणजे चहा बंद?" म्हणाली.

"बंद नाही. एका तासानं."

"तेवढ्या तासात तुम्ही दोनदा चिडाल."

ती स्वतः जेवणानंतरचा चहा सोडायला तयार नाही. दुपारी तेवढीच तरतरी येते म्हणे. घे बाई.

१२ मार्च

प्रयोगशाळेत एक गोष्ट सुचली. आमच्याकडे नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर एक बाटली शुद्ध पाण्याची लावतात. तिच्यात काही नाही हे धरून बाकीच्या बाटल्यांचा रंग तिच्याशी ताडून बघायचा. तिलाच रंग आला, तर अख्ख्या खेपेचे आकडे फेकून पुन्हा पहिल्यापासून.

घरात छकुली ही माझी तुलनेची बाटली. एकच चूल, एकच भाजी, एकच डाळ. फरक चहाचा आणि माझ्या गोळीचा. मेमध्ये माझं रक्त काढतील तेव्हा तिचंही काढायला लावते. खरं तर आजही काढायला हवं होतं, पण ती सुईला घाबरते. आणि तिला काय धाड भरली आहे?

१९ मार्च

डबा: मेथी, हरभऱ्याची उसळ, लिंबाची फोड. जेवण साडेबाराला. चहा पावणेदोनला, घड्याळ लावून.

बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, बाई, तुमचा चहा लांबल्यापासून ह्या मजल्यावर कुणी शिट्टीसुद्धा वाजवत नाही.

२८ मार्च

गोळीनं पोट बिघडतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या एक दिवस आड घ्या, चालेल. जिने अजून अकरा-अकरा पायऱ्यांनी चढते, मध्ये थांबून. मावशींनी खुर्ची आणून ठेवली आहे पहिल्या मजल्यावर. मी बसत नाही.

६ एप्रिल, रविवार

फ्रीजमधला बर्फाचा ट्रे पुन्हा रिकामा. छकुली शिवता शिवता बर्फ चघळते, कडाकडा फोडते. दात जातील म्हटलं. "बरं वाटतं हो," म्हणाली. लहान आहे का आता?

१३ एप्रिल, रविवार

छकुली बाजारातून आली आणि पिशवी हातात घेऊन पायरीवरच बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. भाजी उन्हात. मी आतून हाक मारली तर आले आले म्हणते आणि उठत नाही. हल्ली ती अंग मोडून काम करत नाही. परवा एका बाईचा ब्लाउज दोन दिवस उशिरा दिला. दुपारी झोपते ती चारपर्यंत. मी बोलले. ऑपरेशननंतर सहा आठवडे मी हिच्या भरवशावर असणार आहे, असं कसं चालेल? तिनं उठून भाजी निवडून ठेवली.

२२ एप्रिल

आज पहिल्या मजल्यापर्यंत न थांबता. पुरावा म्हणून मावशी होत्या.

२ मे

संत्री संपली. छकुलीनं पेरू आणले. अर्धा मला अर्धा तुला म्हटलं, तर मला बियांचा कंटाळा येतो म्हणाली. पूर्वी झाडावर चढून खायची.

१९ मे, सोमवार

रक्त घ्यायला बाई घरी आल्या. माझं झाल्यावर छकुलीला बसवलं. तिनं हात मागे घेतला. मी म्हटलं, तुझ्या रक्तावाचून माझा प्रयोग अडला आहे. रक्त घेणाऱ्या बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. नळी भरायला वेळ लागला.

२० मे

माझं अकरा पूर्णांक दोन! फोनवरच सांगितलं. लगेच हाडांच्या डॉक्टरांना कळवलं, ५ जून मिळाली. साहेबांनाही सांगितलं, टेबलासाठी दुसरं माणूस बघा. मावशींनी माझा चहा स्वतः केला, पावणेदोनला.

छकुलीचा आकडा आला नाही. परत लावून बघताहेत म्हणे.

२१ मे, बुधवार

सहा पूर्णांक सात.

दोनदा लावलं. दोन्ही वेळा तेच.

मी रजा टाकली आणि तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तिला विचारलं, मी शेजारी बसून ऐकलं. दोन वर्षं पाळी दहा-दहा दिवस चालते आहे. रक्ताच्या गाठी पडतात. चालताना धाप लागते, कानात घुमतं. बर्फ खावासा वाटतो. बर्फाचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. लोह कमी असलं की पुष्कळांना असं होतं म्हणाल्या. पेशंटच्या वहिनींनी कधी पाहिलं नाही का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

येताना रिक्षात मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"तुमचं गुडघ्याचं चाललं होतं."

मग भाजीचं विचारलं. आपण एकच जेवतो ना? तेव्हा तिनं सांगितलं. मी नऊला निघते, ती एकला जेवते. माझा डबा भरून उरेल ती भाजी तिची.

"आणि किती उरायची?"

"डबा चांगला भरायचा म्हटलं की नाही उरत वहिनी. मग मी चहा-पाव खायची."

म्हणजे अकरा पूर्णांक दोनमध्ये तिच्या वाटणीची मेथी आहे. अर्धा पेरूही.

प्रयोगशाळेत तुलनेची बाटलीसुद्धा मी रोज सकाळी तपासून मगच लावते. तेहतीस वर्षं.

२२ मे

पोटाची सोनोग्राफी. गर्भाशयात गाठ आहे, साधी दिसते, पण काढावी लागेल. आधी रक्त वाढवायचं. उद्यापासून शिरेतून लोह देणार. सुई लावताना मी हात धरते म्हटलं. नको म्हणाली, तुम्ही ओरडाल. तरी धरणार आहे.

आज दुपारी दोघी एकदम जेवलो. ताटं मी वाढली. लिंबू दोन्ही ताटांत. तिनं सवयीनं चहाचं भांडं चढवलं, मी गॅस बंद केला. रुसली. मग तासभर दोघीही घड्याळाकडे बघत बसलो.

२३ मे

हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. ५ जून दुसऱ्या कुणाला द्या, अकरा झालं की कळवते म्हटलं. ते म्हणाले, अहो, तुमचं तर झालं आहे.

माझं नव्हे, म्हटलं.