केंद्रातला कमी ऑक्सिजन

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर तुमच्यावर रागावणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. तरीही रागावलो आहे. माझी पत्नी, तुमची विद्यार्थिनी, या हिवाळ्यात गेली. आणि तिच्या प्रबंधातून तुम्ही काढायला लावलेले प्रकरण बरोबर होते, हे मला ती गेल्यावर कळले.

तुमच्या गारखेड्याच्या घरातले स्वयंपाकघर आजही दिसते. मी तिला न्यायला आलो आहे, वहिनी चहा गाळत आहेत, टेबलावर तिचे आलेख पसरले आहेत. दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहाच्या, मध्याकडे जावे तसे ऑक्सिजनचे प्रमाण वाढते, हा तुमचा नियम. मात्र ज्यांचे केंद्र धगधगते, जिथे कृष्णविवर वायू गिळत असते, अशा काही दीर्घिकांत तिला नेमका मध्यभागीच ऑक्सिजन कमी आढळला होता. तुम्ही लाल पेन्सिलीने ते बिंदू खोडता आहात. "रेषेवर बसत नाहीत ते बिंदू चुकलेले असतात, बाई."

"पण सर, बाहेरून ताजा वायू आत येत असंल तर? दुधात पाणी घातल्यावानी?" ती कन्नड तालुक्यातली, अडली की बोली गावाकडे वळे.

"अहो, दीर्घिकेत पाणी घालणारा गवळी कुठून आणलात?"

वहिनीसुद्धा हसल्या. ती नाही. "तेच तर शोधायचंय, सर."

प्रकरण काढा, नाहीतर सही मिळणार नाही, असे तुम्ही बजावलेत. तिने काढले, आणि पुढे जन्मभर महाविद्यालयात भिंगे नि लोलक शिकवले. संशोधनाकडे वळली नाही. दर गुरुपौर्णिमेला मात्र आम्ही दोघे श्रीफळ घेऊन तुमच्या पाया पडायला येत राहिलो! तुम्ही दर वेळी मुलांची चौकशी केलीत. त्या बिंदूंची एकदाही नाही.

परवा तिचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो दीर्घिकांवरच संशोधन करतो. बोलता बोलता मी हा प्रसंग सांगितला, तसा तो ताठ बसला. "काका, अशा बऱ्याच केंद्रांत आता आम्हालाही ऑक्सिजन कमीच दिसतो. बाहेरचा वायू येऊन तो विरळ करत असावा. मॅडम आधीच पोचल्या होत्या की!"

मला आनंद व्हायला हवा होता. संताप झाला. कोणाचे मोजमाप खोटे ठरवायचे, तर आधी स्वतः पुन्हा मोजावे, हे पदवीच्या वर्गात तुम्हीच आम्हाला शिकवलेत. तिच्या वाट्याला तुमची पेन्सिल तेवढी आली.

हे पत्र कुठे टाकायचे नाही. एवढेच कबूल करतो: तुम्हाला क्षमा करणे मला जमले असते, पण मी करत नाही. हा राग आहे तोवर तिच्या बाजूने भांडायचे काहीतरी शिल्लक आहे. तो निवला, की ती नाही, एवढेच उरेल.